मॅडमची उलटी बाटली

लॅबमधल्या बेसिनखाली पाइपाला एक वाक असतो. वर्षातून एकदा, मे महिन्यात, मी तो पाना लावून उघडायचो. आतून काय काय निघायचं! काचेचे तुकडे, बाटल्यांची टोपणं, पोरींच्या कानातली, एकदा तर आमच्या हेडक्लार्कांच्या चष्म्याचा स्क्रू. कोणी मुद्दाम टाकलेलं नसतं. पाणी वाहून जातं, जड असेल ते मागं राहतं.

किस्स्यांचं तसंच आहे. महाडच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी अटेंडंट होतो. शाळा माझी सातवीपर्यंत, तीही पोलादपूरच्या वर, आमच्या डोंगरवाडीतून चालत जाऊन. साठलेले किस्से बहुतेक आमच्या मॅडमचे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्या सर्फॅक्टंटवर संशोधन करायच्या. सर्फॅक्टंट म्हणजे साबणाच्या जातीची द्रव्यं, एवढं मला पहिल्या वर्षी समजलं. बाकीचं हळूहळू समजत गेलं. एक गोष्ट मात्र फार उशिरा समजली.

•

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला समोर उभं करून सांगितलं, "सखाराम, या लॅबमध्ये साबण आणायचा नाही. वडी नाही, पावडर नाही, काहीच नाही."

मी म्हटलं, "मॅडम, तुमचं काम कशावर हाय?"

"साबणावर!"

हेडक्लार्क तांबे भाऊसाहेबांना हे सांगितलं तर ते खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "हलवायालाच डायबेटिस झाला म्हणायचा!"

पण मॅडमचं बरोबर होतं. त्या म्हणायच्या, "आपल्याला साबण मोजायचाय. भांड्यात आधीचाच चिकटलेला असला तर मी कुणाचा मोजू?" म्हणून काच धुवायला एक लाल-तपकिरी ॲसिड असायचं आणि वर डिस्टिल्ड वॉटर तीन वेळा.

एकदा मुंबईहून एक मोठे सर लॅब बघायला आले. बघण्याआधी त्यांनी खिशातून कागदी साबण काढला, बेसिनमध्ये छान फेस करून हात धुतले आणि तेच ओले हात झटकत झटकत टेबलावरची एकेक बाटली उचलून बघितली. मॅडम हसऱ्या चेहऱ्यानं सगळं दाखवत होत्या. सर गाडीत बसल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फार स्वच्छ माणूस. आपला महिना धुऊन गेला!"

•

रेणू काय करतात ते मॅडमनी मला एकदा चहा पिता पिता सांगितलं. एकेका रेणूला डोकं असतं आणि शेपटी असते. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला पाण्याचं भय. पाण्यात असे पुष्कळ रेणू झाले की ते आपोआप गोल धरतात. डोकी बाहेर, शेपट्या आत. त्याला मायसेल म्हणतात.

"कोणी सांगत नाही, कोणी ढकलत नाही," मॅडम म्हणाल्या. "आपले आपण जमतात. गंमत आहे की नाही?"

मी म्हटलं, "मॅडम, बिबट्याचा वास आला की आमच्या म्हशी असंच करतात. शिंगं बाहेर, शेपट्या आत. वासरं मधी."

मॅडमनी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मला वर्गात उभं करून हेच सांगायला लावलं. मी फळ्याकडे तोंड करून सांगितलं.

त्या वर्षी परीक्षेत एकानं लिहिलं, "मायसेल म्हणजे म्हशी पाण्यात गोल करून उभ्या राहतात." मॅडमनी पाचपैकी साडेचार मार्क दिले.

मी विचारलं, "अर्धा कशाला कापला?"

"बिबट्या लिहायला विसरला!"

•

आमची पारू, म्हणजे माझी बायको, एकदा घावनं घेऊन कॉलेजात आली. मॅडमना ती घावनं इतकी आवडली की त्यांनी कृती विचारली.

पारू म्हणाली, "काय नाय हो मॅडम. पाच मुठी तांदूळ भिजवायचं, वाटायचं, झालं."

"मूठ म्हणजे किती?"

पारूनं हात पुढं केला. "ही एवढी!"

मॅडम तिला सरळ तराजूपाशी घेऊन गेल्या. तो काचेच्या पेटीतला नाजूक तराजू, आम्ही त्याच्याजवळ श्वासही हळू घ्यायचो. कँटीनमधून तांदूळ मागवले. पारूनं पाच वेळा मूठ भरली, मॅडमनी पाच वेळा मोजली. पाचही वेळा जवळजवळ तेवढीच!

मॅडमनी तो आकडा तराजूशेजारच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहिला आणि खाली लिहिलं, "पारूताईंची मूठ." मुलांना म्हणाल्या, "बघा. तुमच्या पिपेटपेक्षा खरी आहे."

पारू घरी येताना भर रस्त्यात आपली मूठ उघडून बघत होती. म्हणाली, "अवो, इतकी वरसं भाकऱ्या थापल्या ह्या हातानं. कोणी मोजला नव्हता."

•

मॅडमना एकच गोष्ट हवी होती. रेणूंनी नुसते गोल न करता लांब दोरे करावेत, दोऱ्यांची जाळी व्हावी आणि पाणी त्या जाळीत अडकून दह्यासारखं थिजावं. तेही अगदी चिमूटभर द्रव्यात. मग त्यात जखमेवरचं औषध धरून ठेवता आलं असतं, हळूहळू सोडता आलं असतं.

थिजलं की नाही ते बघायची रीत सोपी. बाटली उलटी करायची. पाणी टोपणाकडे धावलं तर नाही. वरच्यावर थांबलं तर हो.

कित्येक वर्षं मॅडम रोज सकाळी बाटल्या उलट्या करत होत्या आणि रोज पाणी धावत होतं.

एकदा काय झालं, पंप जळाला. दोन दिवस कॉलेजात नळाला पाणी नाही. त्यातच माझा हातमोजा फाटला आणि ॲसिडनं बोटं सोलून निघाली. पारूनं हळद-तेल लावलं आणि म्हणाली, "साबण नको म्हनतात ना तुमच्या मॅडम? मग रिठा न्या की. तो कुठं साबण हाय? तो झाडाला लागतो." तिनं डब्यातून मूठभर रिठे काढले, फोडले, तांब्याभर पाण्यात भिजवले आणि ते पाणी गाळून मला बाटलीत भरून दिलं.

मॅडमना त्या दिवशी एक तरी बाटली हवीच होती. मी एक बाटली त्या पाण्यानं भरून ठेवली, तासाभरानं ओतली. विसळायला डिस्टिल्ड वॉटर घोटभरच उरलं होतं. मग उन्हात वाळवली. इतकी चकाकली की मला स्वतःचं कौतुक वाटलं. मॅडमनी त्यातच आपलं द्रव्य आणि पाणी घालून ठेवलं. पुढं नळ आला, बोटं बरी झाली आणि मी परत ॲसिडवर आलो.

ती बाटली भरल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी ती उलटी केली आणि तशाच उभ्या राहिल्या.

"सखाराम, पडत नाहीये."

मला वाटलं, आता ह्याच पडणार! मी पटकन स्टूल पुढं सरकवलं. त्यावर बसून मॅडम लहान मुलीसारख्या रडल्या.

अख्ख्या कॉलेजला पेढे वाटले. तांबे भाऊसाहेबांनी विचारलं, "कशाबद्दल?"

मी म्हटलं, "मॅडमची बाटली उलटी केली, तरी सांडली नाय."

"आमच्या घरी रोज सांडते, तेलाची. पेढे नाहीत, शिव्या मिळतात!"

पेढा खाण्याआधी मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "नीट आठवून सांगा. ह्या बाटलीला साबण लागला होता का?"

"नाय मॅडम. देवाशपथ नाय."

मी खरं तेच बोललो होतो.

•

ती बाटली मॅडमनी उलटीच भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, कुणाला हात लावू दिला नाही. मॅडमचा लेख परदेशात छापून आला. आणि मग ते पुन्हा जमेना.

तेच द्रव्य, तेच पाणी, तेवढंच तापमान. पाणी धावायचंच. मॅडम म्हणायच्या, "बाटल्या अजून स्वच्छ धुवा, सखाराम." मी जीव लावून धुवायचो. जितक्या स्वच्छ धुवायचो तितकं पाणी जोरात धावायचं!

शहरातून दोन तरुण शास्त्रज्ञ आले. चार दिवस त्यांनी करून बघितलं. जाताना गेटपाशी एक दुसऱ्याला म्हणाला, "मॅडमना जमलं असेल. झोपेत." मी मागं चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. तो चहा मी त्यांना दिला नाही. झाडाला घातला.

•

पुढं एकदा आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका शाळेत मॅडमना विज्ञानावर बोलायला बोलावलं. कॉलेजच्या जीपमधून आम्ही पोलादपूरला गेलो. मॅडम बोलणार, मी शेजारी ट्रे धरून उभा.

मॅडमनी एका मुलीला विचारलं, "तुझी आजी केस कशानं धुते गं?"

"रिठ्यानं!"

"हां! मुलांनो, साबण काय फक्त कारखान्यात होतो?" मॅडमनी पिशवीतून रिठे काढले, पाण्यात चुरले आणि फेस वर उचलून दाखवला. "हा बघा. झाडाला लागलेला साबण! ह्याच्याही रेणूला डोकं आणि शेपटी असते."

माझ्या हातातल्या ट्रेवर बाटल्या खणखण वाजायला लागल्या. पोरं हसली.

मॅडम म्हणाल्या, "सखाराम, काय होतंय? हात का कापतायत?"

"घाट लागला, मॅडम."

आमचा ड्रायव्हर दारातून ओरडला, "शाळा तर पायथ्याला हाय! घाट लागंल कुठनं?"

सगळ्यांबरोबर मॅडमही हसल्या. परतीच्या वाटेवर मी जीपमध्ये मागं बसलो. मॅडम पुढं. महाड येईपर्यंत मला त्यांचा फक्त अंबाडा दिसत होता. त्या अंबाड्याला मी मनातल्या मनात दहा वेळा सगळं सांगितलं.

नोकरी जाईल ही भीती होती, ते लपवत नाही. पण तेवढंच नव्हतं. मला वाटलं, मॅडमचं यश म्हणजे एका न धुतलेल्या बाटलीची घाण, असं होईल. नसलेल्या गोष्टीपेक्षा हरवलेली गोष्ट बरी. अडाणी माणसाचा हिशेब.

•

शेवटी मॅडमनी लेख मागं घेतला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. "माझ्याकडून पुन्हा होत नाही, तर ते लोकांसमोर ठेवायचा मला हक्क नाही," असं त्या म्हणाल्या.

पत्र कॉम्प्युटरवर लिहिलं. मी फरशी पुसत होतो. मॅडमनी हाक मारली.

"सखाराम, तुमच्यासमोर थिजलं होतं ना?"

"हो मॅडम. माझ्यासमोर."

"स्वप्न नव्हतं?"

"नाय मॅडम."

"मग ठीक आहे. आपण दोघं तरी आहोत."

आणि बटण दाबलं.

मी बादली उचलून बाहेर गेलो. एवढंच करायचं होतं, तोंड उघडायचं. तोंडात जीभ होती, दात होते, सगळं होतं.

त्यानंतर मॅडमनी बाटल्या उलट्या करणं सोडलं. मुलांना शिकवायच्या, घरी जायच्या. प्रिन्सिपॉल व्हायची त्यांची पाळी आली आणि गेली. कोणीतरी म्हणालं की त्यांच्या त्या लेखाचं काहीतरी झालं होतं म्हणे.

•

पुराचं महाडकरांना नव्यानं सांगायला नको. त्या वर्षी सावित्री कॉलेजात शिरली ती थेट लॅबमध्ये. पाणी उतरल्यावर मी चिखल तुडवत आत गेलो. कपाटं आडवी, तराजू उताणा. मॅडमच्या सगळ्या वह्या खालच्या कप्प्यात होत्या, त्यांचा लगदा झाला होता. आमचं एक स्टूल पुढं दासगावला काठावर सापडलं. त्यावर कॉलेजचं नाव होतं म्हणून लोकांनी आणून दिलं. तेच स्टूल, ज्यावर मॅडम बसून रडल्या होत्या.

सगळ्यात वरच्या फळीवर ती बाटली होती. उलटीच. आत थिजलेलं तसंच वर अडकलेलं, एक थेंब खाली आला नव्हता.

तांबे भाऊसाहेब गुडघाभर चिखलात उभे राहून तिच्याकडे बघत म्हणाले, "सखाराम, सगळं कॉलेज उलटं झालं, म्हणून ही एकटी सरळ दिसतेय बघ!"

नंतर सफाई झाली. गवंडी मिळत नव्हते, तेव्हा लॅबच्या भिंतींना मीच रंग दिला. तराजूशेजारचा पेन्सिलचा आकडा चिखलाच्या रेषेच्या वर होता, वाचता येत होता. वाचला असता तर. ब्रश त्याच्यावरनं गेल्यावर माझ्या लक्षात आलं. घरी येऊन पारूला सांगितलं तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मूठ हाय ना माझ्याकडं!"

•

मॅडम रिटायर झाल्या, पाठोपाठ मी झालो आणि आम्ही दोघं वाडीवर परत गेलो. पारू गेली त्याला आता वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या आधी माळा आवरताना तिचा रिठ्याचा डबा सापडला. अर्धा भरलेला. तो तसाच पिशवीत घातला आणि वाडीवरून खाली उतरलो, एसटी धरली, महाडला मॅडमच्या घरी गेलो.

मॅडम आता काठी घेऊन चालतात. खिडकीत ती बाटली होती, उलटी. मी डबा टेबलावर ठेवला आणि सांगितलं. पंपापासून सुरुवात केली. मी मुळातच हळू बोलतो, त्या दिवशी फारच वेळ लागला असेल. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

माझं संपल्यावर त्यांनी खिडकीतल्या बाटलीवर हलकेच टिचकी मारली. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे थिजलं होतं ते खरंच होतं," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"त्याला कारण होतं."

"हो."

मग त्या उठल्या. काठी विसरूनच उठल्या! कपाटातून एक कोरी वही काढली, चष्मा लावला, पेन उघडलं. आवाज एकदम लॅबमधला झाला.

"पाणी किती होतं?"

"तांब्याभर. तांब्या हाय अजून घरी."

"आणा उद्या. किती वेळ भिजवले?"

"आदल्या सांजंपासून सकाळपर्यंत."

"बिया काढून?"

"काढून."

"बाटलीत किती वेळ ठेवलं?"

"तासभर."

मॅडम भराभर लिहीत होत्या. वहीत एकाखाली एक ओळी उतरत होत्या. मला वाटलं, आता मी खुर्चीतून उठून नाचेन.

"आणि रिठे? रिठे किती घेतले होते?"

"मूठभर."

"तुमची मूठ?"

"नाय मॅडम. पारूची."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.